माईंचं घड्याळ आणि वाळूचा दांडा

दीपगृहाची घंटा वाजवायची, आणि तीही सायकलवरून जाऊन! एवढ्या एका गोष्टीसाठी माई घराबाहेर पडल्या होत्या.

गेल्या वर्षी त्यांची धाकटी नणंद ह्याच सहलीला जाऊन आली होती. वाटाड्याबरोबर सायकलने निघायचं, नारळाच्या बागांमधून, भाताच्या बांधांवरून, मग एकामागून एक बेटं ओलांडत जायचं आणि शेवटच्या बेटाच्या टोकाला जे दीपगृह आहे तिथली पितळी घंटा वाजवायची, अशी ती सहल. नणंदेने घंटा वाजवतानाचा फोटो दाराएवढा करून बैठकीच्या खोलीत लावला. पाहुणा चप्पल काढतो न काढतो तोच त्याला फोटोसमोर उभं करायची. खरं तर अर्धी वाट ती सामानाच्या होडीत पाय पसरून गेली होती. पण फोटोत होडी थोडीच दिसते!

माईंनी फोटो पाहिला, कपातला चहा संपवला आणि कप बशीत जरा जोरातच ठेवला.

"मी पण जाणार. आणि होडीत बसले तर माझं नाव बदलून ठेवा."

माईंचं सायकलचं दुकान होतं. शाळा त्यांना चार पुस्तकांपुरतीच माहीत, पण नवऱ्यामागे हे दुकान त्यांनी एकटीने ओढलं. छताला टांगलेले टायर, कोपऱ्यात पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं, सोल्युशनचा वास, आणि ह्या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर माई. गिऱ्हाईकाने ब्रेक करकरतो म्हणून तक्रार केली, तर ब्रेकच्या आधी गिऱ्हाइकाचीच दुरुस्ती व्हायची. स्वतःची सायकल त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडलेली. मागचं कॅरिअर असं दणकट, की त्यावर गव्हाचं पोतं झोपवावं. त्या सायकलच्या सीटवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही, हा घरचा कायदा.

घरचा दुसरा कायदा मात्र कोणाला सांगितलेला नव्हता. दुकानातलं घड्याळ, स्वयंपाकघरातलं घड्याळ आणि माईंच्या मनगटावरचं घड्याळ, तिन्ही अर्धा तास पुढे! लग्न होऊन आल्या तेव्हापासून. त्याशिवाय हे आळशी घर जागचं हललं असतं का? नवरा वेळेवर दुकानात पोचला, पोरगा वेळेवर शाळेत पोचला, कारागीर वेळेवर कामाला लागले, सगळं ह्या अर्ध्या तासाच्या जोरावर. आणि इतक्या वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही! आपल्या ह्या हुशारीचं माईंना मनातल्या मनात फार कौतुक होतं.

बरोबर निघाले मुलगा आणि सून. मुलगा पोटाने जरा पुढे आणि वेगाने जरा मागे. सून काटक, बँकेत काम करणारी, सासूला उत्तर द्यायला न घाबरणारी, म्हणूनच सासूची लाडकी. पण हे सासूने तिला कधी कळू दिलं नव्हतं.

वाटाड्या उंच, उन्हाने भाजून काळपट झालेला, हसरा माणूस होता. पहिल्याच सकाळी त्याने सगळ्यांचे मोबाइल एका पेटीत गोळा केले.

"ही पेटी सामानाच्या होडीतून मुक्कामावर जाते. संध्याकाळी परत मिळेल. दिवसभर फक्त वाट बघायची, फोन नाही."

"आणि कोणी मेलं तर?" माईंनी विचारलं.

"माझा फोन आहे ना, मावशी." मग तो त्यांच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुमचं घड्याळ पुढे आहे, बघा. पुढच्या वाटेवर भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळायच्या आहेत. तेवढं बरोबर लावून घ्या."

माईंचे कान तापले. परक्या माणसाने एका नजरेत चोरी पकडली! "बघू," एवढंच त्या फणकाऱ्याने म्हणाल्या. पण नंतर न्हाणीघरात जाऊन, दाराला कडी लावून, त्यांनी घड्याळ बरोबर लावलं. घरच्यांना सांगायचा प्रश्नच नव्हता. सांगायचं म्हणजे अर्धा तास पुढे होतं हेही कबूल करायचं की!

पहिले दिवस सोन्यासारखे गेले. दोन्ही बाजूंना हिरवीगार खाचरं, पाण्यात ढगांची सावली, आणि मधल्या अरुंद बांधावरून चौघांच्या सायकली मुंग्यांसारख्या एका ओळीत चाललेल्या. चढ आला की मुलगा गिअर बदलत धापा टाकायचा, माई मात्र मुलाचीच जुनी पँट घालून, ओढणी कमरेला खोचून, बिनगिअरच्या सायकलवर त्याला मागे टाकायच्या आणि मागे न बघता म्हणायच्या, "पोट उतरवून ठेवायचं होतंस होडीत."

दीपगृहाचं बेट आता एका दिवसावर आलं होतं. मध्ये होता फक्त वाळूचा दांडा. ओहोटीला समुद्र बाजूला सरतो आणि दोन बेटांमध्ये वाळूची लांबलचक वाट उघडी पडते. वाट चुकू नये म्हणून तिच्या कडेने बांबू रोवलेले. भरती आली की सगळं पुन्हा पाण्याखाली.

दुपारी सुपारीच्या बागेतून जाताना ते झालं.

वाटाड्या सगळ्यांच्या पुढे होता. वाटेत आडवी पडलेली वाळकी झावळी त्याने पायाने बाजूला सारली. तिच्याखाली गांधीलमाशांचं पोळं होतं!

आधी नुसता घूं असा आवाज. मग एक तपकिरी ढग जमिनीतून उठला आणि वाटाड्याच्या डोक्याला गुंडाळला गेला. तो ओरडला, "मागे! मागे पळा!" आणि स्वतः धावत जाऊन बागेच्या तळ्यात उडी मारली. माशा पाण्यावर घिरट्या घालत राहिल्या. तो डोकं वर काढायचा, की पुन्हा तुटून पडायच्या. माई, मुलगा, सून लांब उभे. काय करणार? बघत राहण्यावाचून इलाज नव्हता!

माशा पांगल्यावर त्यांनी त्याला बाहेर ओढलं. अगबाई! तो माणूस ओळखू येईना. ओठ सुजून उलटलेले, डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन फटी, आणि हात कोपरापासून फुगत चाललेला. खिशातला फोन पाणी पिऊन मेलेला. मनगटावरच्या घड्याळाचे काटे जागच्या जागी थिजलेले.

माई ओल्या फडक्यासाठी तळ्याकडे वळल्या. तेवढ्यात वाटाड्याने चाचपडत मुलाचा हात धरला आणि जड झालेल्या जिभेने कसंबसं सांगितलं, "मागे दवाखाना नाही... दांड्यापलीकडे... धक्क्याजवळ. चारच्या आत... पलीकडे पोचा. मग पाणी."

"चारच्या आत. कळलं," मुलगा म्हणाला.

वाटाड्याच्या घशातून आता शिट्टीसारखा आवाज येत होता. सुनेने माईंकडे बघितलं. माईंनी तिच्याकडे. घसा आणखी सुजला तर श्वासच बंद!

"ह्याला बसवायचं कशावर?" मुलाने विचारलं.

तिघांच्याही नजरा एकाच कॅरिअरवर गेल्या. पण अख्खा माणूस मागे घेऊन वाळूवरून ओढायचं बळ माईंच्या गुडघ्यांत नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं.

"बस," माई मुलाला म्हणाल्या.

"तुझ्या सीटवर?"

"मग काय, मखरात बसतोस? बस म्हणते ना!"

वाटाड्याला कॅरिअरवर बसवून ओढणीने मुलाच्या पाठीशी बांधलं. त्याचा हवा भरायचा पंप आणि हत्यारांची पिशवी सुनेने घेतली. वाटाड्याची सायकल एका हाताने ओढत सून आपल्या सायकलवरून निघाली आणि माई मुलाच्या गिअरवाल्या सायकलवर चढल्या. "हिला काय सतरा कळा आहेत," असं म्हणत त्यांनी पायडल मारलं.

बाग संपली तिथे वाटाड्याला उलट्या सुरू झाल्या. त्याला सावलीत आडवं केलं.

"आई, किती वाजले?"

"सव्वातीन."

"मग आहे वेळ," मुलगा म्हणाला. "दोन मिनिटं टेकू दे त्याला."

"कशाची वेळ आहे रे? चल म्हणते मी!"

"अगं, आहे. पुष्कळ आहे. मला सांगितलंय त्याने."

माईंना ते काही पटलं नाही. पण वाटाड्याशी बोलणं मुलाचं झालं होतं, हिशेब त्याच्याकडे होता. त्या गप्प बसल्या. त्यांच्या आयुष्यातलं ते बहुतेक सगळ्यात महागाचं गप्प बसणं!

दांड्याच्या तोंडाशी आल्या तेव्हा माईंनी पुन्हा सांगितलं, "पावणेचार झाले बरं का."

"झकास!" मुलगा म्हणाला. "आरामात पोचतो."

समोर नजर जाईल तिथपर्यंत ओली वाळू चमकत होती. कडेचे बांबू एका रांगेत लांब लांब जाऊन काड्यांएवढे दिसत होते, आणि त्यांच्याही पलीकडे दुसऱ्या बेटाची हिरवी रेघ. दोन्ही बाजूंना समुद्र इतका शांत, की वाटावं झोपलाय. सुरुवातीला चाकं सर्रकन पळाली. मग वाळू मऊ झाली. मग चाकं रुतायला लागली. मुलगा ओढणी सोडून खाली उतरला आणि ढकलू लागला, माई एका हाताने सायकल ओढत, दुसऱ्याने वाटाड्याची पाठ धरून मागून चालल्या. त्याच्या श्वासाची शिट्टी त्यांना प्रत्येक पावलाला ऐकू येत होती.

अर्ध्या वाटेवर वाळूचा एक उंचवटा होता. तिथे चढून सून एकदम थांबली.

"आई... मागे बघा."

मागे वाट नव्हती!

ज्या वाळूवर आत्ता त्यांच्या चाकांच्या रेघा होत्या, तिच्यावरून पाण्याची एक पातळ चादर सरकत चालली होती. आवाज नाही, लाट नाही. डावीकडचा समुद्र उजवीकडच्याला भेटायला निघालेला. पुढेही तेच! बांबूंच्या बुडाशी फेस जमला होता.

"असं कसं?" मुलगा ओरडला. "चारला वेळ आहे अजून! आई, वाजले किती?"

"सव्वाचार."

"म्हणजे पावणेचार," सून म्हणाली.

"हो, पावणेचार," मुलगा म्हणाला.

माईंनी दोघांकडे पाहिलं. "पावणेचार म्हणजे? डोकं फिरलंय का तुमचं? सव्वाचार म्हणजे सव्वाचार!"

मुलाचा चेहरा पांढरा पडला. "आई, तुझं घड्याळ अर्धा तास पुढे असतं ना?"

समुद्राने गिळलं असतं तरी माईंना एवढा धक्का बसला नसता!

"तु... तुला कोणी सांगितलं?"

"अगं, सगळ्यांना माहीत आहे! लहानपणापासून. बाबाच म्हणायचे, आईचे आठ म्हणजे आपले साडेसात."

"मला तर ह्यांनी साखरपुड्यातच सांगितलं होतं," सून म्हणाली. "दुकानातल्या कारागिरांना माहीत आहे. दूधवाल्याला सुद्धा!"

माईंच्या डोळ्यांसमोरून सगळी वर्षं सर्रकन गेली. सकाळी ओरडून उठवलेला नवरा, 'हो हो, निघालोच' म्हणत कूस बदलणारा. म्हणजे तो सुद्धा! सगळे आपल्या मनाने अर्धा तास वजा करून सुखात चहा पीत होते, आणि आपण स्टुलावर बसून स्वतःच्या हुशारीवर खूश!

"पण मेल्यांनो," त्यांचा आवाज फाटला, "मी ते पहिल्याच दिवशी बरोबर लावलं होतं!"

पाणी सरकतच होतं.

पहिल्यांदा सावरल्या त्या माईच. वाटाड्याची मान कलंडली होती आणि शिट्टी बारीक होत चालली होती. पुढे कंबरभर पाणी, त्यापुढे छातीभर, आणि ह्या माणसाच्या अंगात उभं राहायचंही त्राण नाही.

"चाकं काढा!" माई कडाडल्या.

"काय?"

"ट्यूब काढायच्या सगळ्या! घमेल्यात फुगलेली ट्यूब वर येते की खाली जाते? दुकानात जन्म गेला तुझा!"

मग तिथे, समुद्राच्या मधोमध, सायकलचं दुकान उघडलं! चारही सायकली उलट्या पडल्या. माई एका चाकाला भिडल्या, मुलगा दुसऱ्याला. पाना फिरला. टायर निघाला. ट्यूब बाहेर! एकमेकांकडे न बघता, एकमेकांना न विचारता दोघांचे हात चालले, जसे गर्दीच्या दिवशी दुकानात चालायचे तसे. सून पंप मारत होती, दात-ओठ खाऊन. टायरचं बंधन नाही म्हणून ट्यूब सापासारख्या फुगून जाड झाल्या. पाणी घोट्याला लागलं. पोटरीला लागलं. माईंनी ट्यूब वाटाड्याच्या काखेतून, छातीभोवती, मानेखाली घेऊन कॅरिअरच्या पट्ट्यांनी आवळल्या. गाठ अशी, की दात लावल्याशिवाय सुटू नये.

"आई, सायकली?" मुलाने विचारलं. "तुझी तरी बांबूला बांधून ठेवू?"

माईंनी एकदाच तिकडे पाहिलं. पायडल पाण्याबाहेर होतं, सीट बुडालेली.

"लोखंड आहे ते. पुन्हा जोडता येईल. ह्याला जोडता येईल का? चल!"

त्यांनी वाटाड्याला उताणा पाण्यावर टेकवला. तरंगला! तोंड वर, छाती वर. सुनेने डोकं धरलं, मुलाने खांदे, माईंनी त्याच्या छातीला बांधलेल्या ओढणीचं टोक मुठीत घेतलं आणि पहिल्या बांबूकडे निघाल्या. एक बांबू धरायचा. दम घ्यायचा. पुढचा बघायचा. निघायचं! पाणी कमरेवर आलं, छातीवर आलं. वाळू पायाखालून निसटू लागली.

सगळ्यात वाईट होता शेवटचा खळगा. तिथे दोन्हीकडचं पाणी एकत्र येऊन जोरात ओढ घेत होतं. माईंचा पाय सुटला! डोक्यावरून पाणी गेलं. नाकात, कानात खारट अंधार. एकच कळत होतं की ओढणी सोडायची नाही. मग कोणीतरी केसांना धरून खसकन वर ओढलं.

सून होती ती. एका हाताने वाटाड्या, दुसऱ्यात सासूचा अंबाडा!

"सोडा म्हटलं तरी सोडणार नाही!" ती ओरडली.

"सोडू नकोसच!" माई खोकत म्हणाल्या. "ओढ!"

मुलाचे पाय टेकले. "जमीन! आई, जमीन लागली!" पोटाने पुढे असलेल्या त्या माणसाने मग असा काही जोर लावला, की तिघांनाही एका दमात उथळ पाण्यात आणून टाकलं. धक्क्यावर सामानाची होडी लागलेली होती. होडीवाल्याने त्यांना पाहिलं आणि हातातली दोरी टाकून धावत सुटला.

दवाखाना म्हणजे निळ्या रंगाच्या भिंतींची एकच खोली. लोखंडी खाट, कपाट, आणि काचेवर चिकटपट्टी लावलेली खिडकी. डॉक्टरीणबाईंनी एकही प्रश्न न विचारता सुई टोचली, नाकाशी नळी धरली. तिघं भिंतीला टेकून उभे, पायाखाली खाऱ्या पाण्याचं थारोळं. शिट्टी चालूच होती. मग जरा घोगरी झाली. मग थांबली! सुनेने माईंचा हात घट्ट धरला. आणि मग साधा, सरळ, माणसासारखा श्वास ऐकू आला.

"आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

माई तिथेच लादीवर बसल्या.

दुसऱ्या दिवशी वाटाड्याचा एक डोळा उघडला. ओहोटीला होडीवाला दांड्यावर जाऊन आला. सायकली नव्हत्या. समुद्राने एक पायडलही ठेवलं नव्हतं.

"मावशी," वाटाड्या सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "होडीने दीपगृहाला जाऊन या ना. घंटा वाजवा. कोण विचारतंय कसे आलात?"

खिडकीतून दीपगृह दिसत होतं. पांढरं, बारीक, ऊन पडलेलं. माईंनी त्याच्याकडे पाहून घेतलं.

"मी विचारीन ना," त्या म्हणाल्या. "होडीतून जाऊन वाजवली तर माझ्यात आणि नणंदेत फरक काय राहिला? राहू दे. तू बरा हो."

परत मात्र होडीतूनच यावं लागलं. माई होडीत बसल्या, तशी सून हळूच म्हणाली, "आई, मग नाव काय ठेवायचं?"

"तोंड सांभाळ," माई म्हणाल्या. आणि आपली कोरडी चादर काढून तिच्या खांद्यावर टाकली.

घरी आल्यावर त्यांनी कोणाला न विचारता स्टूल ओढलं, त्यावर चढल्या आणि सगळ्यांसमोर दुकानातलं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. मग स्वयंपाकघरातलं. "आजपासून ह्या घरात खरी वेळ चालेल," त्या म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माईंनी ठरल्या वेळेला शटर उचललं, घमेल्यात पाणी भरलं, स्टुलावर बसल्या. दुकानात चिटपाखरू नाही! मुलगा नाही, कारागीर नाहीत. माईंनी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला कान लावला. चालू होतं.

अर्ध्या तासाने सगळे एकदमच आले, हसत-बोलत, चहा पिऊन.

"अगं आई," मुलगा म्हणाला, "आज तू इतक्या लवकर कशी?"

"मी वेळेवरच आले," माई म्हणाल्या. "अर्धा तास वजा करून पुन्हा बुडालात ते तुम्ही."